ताजी भाजी आणि ती कापणारी यंत्रे जंतुमुक्त कशी ठेवावीत : नव्या प्रक्रिया उद्योजकांसाठी

निवडलेली मेथी, चिरलेली फरसबी, सोललेला लसूण, कापलेली फळे किंवा आंब्याचा गर हॉटेलांना, खाणावळींना आणि कारखान्यांच्या कँटीनला पुरवण्याचे काम महाराष्ट्रात आता अनेक बचत गट आणि शेतकरी कुटुंबे करीत आहेत. या कामात नव्याने येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, तो म्हणजे भाजी धुण्याच्या पाण्यात औषध, म्हणजे क्लोरीन, किती घालायचे. त्याचे उत्तर पुढे आकड्यांसह दिले आहे. मात्र त्याआधी हे औषध काय करते आणि काय करू शकत नाही हे समजून घ्यायला हवे, कारण ते न समजल्यामुळे झालेल्या चुका मी लहान उद्योगांमध्ये सर्वांत जास्त पाहिल्या आहेत.

क्लोरीनच्या पाण्यात व्यवस्थित धुतलेल्या पानावरील जंतू साधारणपणे दहापट ते शंभरपट कमी होतात, पण ते पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. पानाच्या सुरकुत्यांत, सूक्ष्म छिद्रांत आणि कापलेल्या कडेवर बसलेल्या जंतूंपर्यंत पाणी पोहोचतच नाही. मग क्लोरीन घालायचेच कशासाठी? ते मुख्यतः पाण्यासाठी घालायचे असते. एका टबात कोथिंबिरीच्या पन्नास जुड्या बुडवल्या आणि त्यांतील एका जुडीला शेणाचा किंवा सांडपाण्याचा संसर्ग असला, तर साधे पाणी तो संसर्ग उरलेल्या एकोणपन्नास जुड्यांपर्यंत नेऊन पोहोचवते. पाण्यात पुरेसा क्लोरीन असेल तर पानावरून सुटलेला जंतू दुसऱ्या पानावर जाऊन बसण्याआधी पाण्यातच मरतो. म्हणूनच शेतावरची आणि काढणीची स्वच्छता क्लोरीनने भरून निघत नाही, आणि भाजीवरची कीटकनाशके उतरवण्याचा उपाय म्हणूनही त्याच्याकडे पाहू नये.

पाणी

भाजी धुण्याचे पाणी पिण्यायोग्य असलेच पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू अजिबात आढळता कामा नये. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरत असाल तर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, असे वर्षातून किमान दोनदा ते तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांत ही तपासणी होते. टाकी झाकलेली असावी आणि ती आतून घासून घेतल्याची तारीख टाकीवरच रंगाने लिहून ठेवावी. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही, कारण पाणीच खराब असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

औषधाची ओळख आणि हिशेब

लहान उद्योगांत दोन प्रकारचे क्लोरीन आढळते. एक म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ज्याला कामगार सरसकट ‘हायपो’ म्हणतात, आणि दुसरे ब्लिचिंग पावडर, जी ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यामुळे गावोगावी ‘टीसीएल’ या नावाने ओळखीची आहे. भाजीसाठी हायपो वापरावे. टीसीएलमध्ये चुना असतो, त्याचा गाळ पानांवर आणि यंत्रांवर बसतो आणि पाण्याचा सामूही (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा क्षारीय आहे तो आकडा) वाढतो. हायपो घेताना ते खाद्य उद्योगासाठी असलेलेच घ्यावे. फरशी पुसण्यासाठी विकले जाणारे, सुगंध किंवा साबण मिसळलेले ब्लीच भाजीच्या पाण्यात कधीही घालू नये. भाजी साबणाने धुणेही चूकच आहे, कारण साबण पानांत मुरतो.

हिशेब सोपा आहे. पीपीएम म्हणजे एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्लोरीन आहे तो आकडा. पाणी किती लिटर आहे त्याला हव्या असलेल्या पीपीएमने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला हायपोच्या टक्केवारीच्या दहापटीने भागावे, म्हणजे किती मिलिलिटर हायपो घालायचे ते कळते. १०० लिटर पाण्यात १०० पीपीएम हवे असून हायपो ५ टक्क्यांचे असेल, तर १०० गुणिले १०० भागिले ५०, म्हणजे २०० मिलिलिटर लागेल. तेच हायपो १० टक्क्यांचे असेल तर १०० मिलिलिटर पुरेल. हा फरक दुप्पट आहे, म्हणून कॅनवरची टक्केवारी वाचल्याशिवाय कॅन उघडू नये. ‘दादा, दोन झाकणं टाकते मी रोज’ असे उत्तर मला अनेक ठिकाणी मिळाले आहे. झाकणाचे माप कॅनप्रमाणे बदलते, त्यामुळे बाजारातून मिलिलिटरच्या खुणा असलेले प्लॅस्टिकचे मापपात्र आणून ते त्याच कामासाठी राखून ठेवावे.

आणखी एक गोष्ट हमखास दुर्लक्षित राहते. हायपो उन्हाने, उष्णतेने आणि नुसते दिवस गेल्यानेही कमकुवत होते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या कॅनवर १० टक्के लिहिलेले असले तरी आत तेवढी ताकद उरलेली नसते. म्हणून मोठा बॅरल स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. लहान कॅन आणावेत, आणल्याची तारीख लिहावी, सावलीत आणि थंड जागी ठेवावेत आणि हिशेबाने द्रावण केल्यावर ते पट्टीने तपासावे. क्लोरीन मोजण्याच्या कागदी पट्ट्या ० ते २०० पीपीएमपर्यंत मोजणाऱ्या घ्याव्यात. गावात पाण्याची ओटी टेस्ट ज्या संचाने करतात तो इथे उपयोगाचा नाही, कारण तो पिण्याच्या पाण्यातील अगदी थोडा क्लोरीन दाखवण्यासाठी असतो.

पट्टीवर क्लोरीन पुरेसा दिसूनही जंतू मरत नाहीत असे होऊ शकते, आणि त्याचे कारण पाण्याचा सामू असते. क्लोरीनचे जंतू मारणारे रूप हायपोक्लोरस आम्ल हे आहे. सामू ६.५ च्या आसपास असताना क्लोरीनचा बहुतांश भाग या रूपात असतो, ७.५ ला तो सुमारे निम्मा उरतो आणि ८.५ ला जेमतेम दहावा भाग राहतो. दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरींचे पाणी जड आणि क्षारीय असते, शिवाय हायपो स्वतःही क्षारीय असते. त्यामुळे सामू ६.५ ते ७.५ च्या दरम्यान आणण्यासाठी खाद्य दर्जाचे सायट्रिक आम्ल वापरतात. ते आधी वेगळ्या भांड्यात विरघळवावे, टबातील पाण्यात थोडे थोडे मिसळून सामूच्या कागदाने तपासावे आणि त्यानंतरच हायपो घालावे. दाट हायपो आणि कोणतेही आम्ल यांचा थेट संबंध कधीही येऊ देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. संडास साफ करण्याचे आम्ल आणि हायपो एकाच फळीवर ठेवणे हा धोका आहे, तो आजच दूर करावा. द्रावण करताना रबरी हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पाणी थंड किंवा साधेच असावे, कारण गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडून जातो आणि डोळे चुरचुरतात.

भाजी धुण्याचा क्रम

पहिले काम म्हणजे निवडणे. कुजलेली, चिरडलेली, पक्ष्यांची विष्ठा पडलेली पाने आणि फळे धुण्याआधीच बाजूला काढावीत. पालेभाजीची मुळे कापून टाकावीत, कारण सर्वांत जास्त माती तिथेच असते. निवडण्याची जागा आणि कापण्याची जागा यांत भिंत किंवा किमान अंतर असावे, आणि शेतातून आलेला क्रेट कापण्याच्या खोलीत कधीही नेऊ नये. आतल्या आणि बाहेरच्या क्रेटचे रंग वेगळे ठेवले की हा नियम न बोलता पाळला जातो.

त्यानंतर भाजी दोनदा धुवावी. पहिल्यांदा साध्या, शक्यतो वाहत्या पाण्यात माती काढून टाकावी आणि दुसऱ्यांदा क्लोरीनच्या पाण्यात बुडवावी. हा क्रम का महत्त्वाचा आहे ते एकदा डोळ्यांनी पाहावे. १०० पीपीएमचे ताजे द्रावण करून त्यात पट्टी बुडवा, तिचा रंग गडद येईल. आता त्यात मातीसकट कोथिंबिरीच्या दहा-बारा जुड्या खळबळवा आणि पुन्हा पट्टी बुडवा. पाणी चहासारखे दिसू लागलेले असते आणि पट्टी जवळजवळ पांढरीच राहते. क्लोरीनला जंतू आणि माती यांतला फरक कळत नाही, समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थावर तो खर्च होतो. एका गटातील महिलांना हे दाखवल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी माती धुण्यासाठी वेगळा हौद बांधायला घेतला, त्यांना आणखी काही समजावून सांगावे लागले नाही.

क्लोरीनच्या पाण्यात पालेभाजी एक ते दोन मिनिटे पूर्ण बुडालेली असावी आणि हाताने हलकेच हलवत राहावी, कारण पाने एकमेकांना चिकटली तर मधल्या भागाला पाणी लागत नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांतील परिशिष्ट ४ मध्ये फळे-भाज्या ५० पीपीएम क्लोरीनच्या पाण्याने धुण्याचा उल्लेख आहे. माझा सल्ला असा की सुरुवात १०० पीपीएमने करावी आणि कामाच्या ओघात ते ५० च्या खाली जाऊ देऊ नये. त्यासाठी दर अर्ध्या तासाने आणि प्रत्येक नव्या भाजीच्या आधी पट्टी बुडवावी. पाणी गढूळ दिसू लागले की त्यात आणखी हायपो ओतत बसू नये, पाणीच बदलावे. शेवटी पिण्याच्या पाण्याने एकदा विसळून भाजी जाळीच्या क्रेटमध्ये किंवा पाणी झटकणाऱ्या यंत्रात निथळवावी. ओल्या पानांची पिशवी बांधली तर ती दोन दिवसांत आतून चिकट होते. कापलेली भाजी लगेच ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावी.

फ्लॉवरमधील अळ्या बाहेर काढण्यासाठी घरोघरी गड्डे मिठाच्या पाण्यात ठेवतात. ती सवय चांगली आहे आणि उद्योगातही ती जरूर पाळावी, पण तिला निर्जंतुकीकरण समजू नये.

टोमॅटो, आंबा आणि पाण्याचे तापमान

दुपारच्या उन्हातून आलेला टोमॅटो थेट गार पाण्यात टाकला तर आतली हवा आकुंचन पावते आणि देठाच्या खाचेतून पाणी आत ओढले जाते. त्या पाण्यासोबत जंतूही गरात जातात, आणि तिथे कोणतेही औषध त्यांना गाठू शकत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतील १३ राज्यांत साल्मोनेला या जंतूच्या संसर्गाने ७८ जण आजारी पडले, त्यांतील दोघांचा मृत्यू झाला आणि शोध ब्राझीलहून आलेल्या आंब्यांपर्यंत पोहोचला. त्या आंब्यांवर फळमाशीसाठी गरम पाण्याची प्रक्रिया करून ते लगेच गार पाण्यात बुडवलेले होते, आणि तिथेच जंतू आत शिरल्याची दाट शक्यता तपासणाऱ्यांनी मांडली. आपल्याकडेही निर्यातीच्या आंब्यावर गरम पाण्याची प्रक्रिया होते, त्यामुळे हे उदाहरण लांबचे मानू नये. शेतमाल आधी सावलीत किंवा शीतगृहात गार होऊ द्यावा, धुण्याचे पाणी फळाच्या गराहून सुमारे ५ अंशांनी गरम ठेवावे, फळे खोल पाण्यात ढिगाने बुडवू नयेत आणि दोन मिनिटांहून जास्त वेळ पाण्यात सोडू नयेत.

काही फळे पाठवण्याआधी धुऊच नयेत. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ओली झाली की तिला बुरशी धरते आणि नाशिकच्या द्राक्षावरील पांढरी लव धुतल्याने जाते. ती ताजी विकायची असतील तर काढणीच्या वेळचे हात, कात्री आणि पेट्या स्वच्छ ठेवण्यावरच सगळा भर द्यावा आणि खाण्यापूर्वी धुण्याची सूचना वेष्टनावर छापावी. खरबुजाच्या जाळीदार सालीवर मात्र ब्रशने घासल्याशिवाय काहीच होत नाही, आणि कापताना सुरी सालीवरचे जंतू थेट गरात नेते, म्हणून ते कापण्याआधी न चुकता घासून, क्लोरीनच्या पाण्यात बुडवून घ्यावे.

मोड आलेली कडधान्ये विकण्याचा विचार असणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. मोड आणण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या साथीत ५० हून अधिक माणसे दगावली आणि तिचे मूळ मेथीच्या बियांपासून केलेल्या मोडांत सापडले. आपल्या घरी मटकीची उसळ शिजवून खातात, म्हणून आपण बचावतो. कच्चे मोड विकणे नवख्या उद्योगाने पहिल्या वर्षी तरी टाळावे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

यंत्रे : आधी उघडणे, मग घासणे, मग औषध

२०११ मध्येच अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील एका शेतावरच्या खरबुजांमुळे लिस्टेरिया या जंतूचा संसर्ग होऊन ३३ माणसे मृत्युमुखी पडली. तपासात जी कारणे पुढे आली त्यांत एक असे होते की धुण्याचे आणि वाळवण्याचे यंत्र मूळचे दुसऱ्या कच्च्या शेतमालासाठी वापरलेले होते आणि त्याची रचनाच सहज साफ करता येण्याजोगी नव्हती. लिस्टेरिया शीतगृहाच्या थंडीतही वाढतो. जुने यंत्र स्वस्तात घेताना म्हणूनच एकच परीक्षा करावी : हे यंत्र पाना न लावता किंवा एकाच पान्याने, दहा मिनिटांत पूर्ण उघडता येते का? उत्तर नाही असे आले तर ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

मी स्वतः शिकलो ते एका गर काढण्याच्या यंत्राजवळ. यंत्र बाहेरून आरशासारखे चकाकत होते, रोज रात्री त्यावर हायपोचे पाणी मारले जात होते, तरीही गर दोन दिवसांत फसफसत होता. झाकणाखालची रबरी चकती, म्हणजे गॅस्केट, सुरीच्या टोकाने उचलली तेव्हा खालच्या खाचेत काळपट, बोटाला बुळबुळीत लागणारा थर होता आणि त्याला आंबूस वास येत होता. जंतू स्वतःभोवती असा चिकट थर तयार करतात, आणि तो घासून काढला नाही तर औषध वरून वाहून जाते. फवारणीने हा थर निघत नाही.

म्हणून दिवसअखेरचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. सर्वप्रथम यंत्राची वीज मुख्य बटणापासून बंद करून सर्व सुटे भाग, पाती, जाळ्या, गॅस्केट, नळ्या काढाव्यात. अडकलेली भाजी प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढून कचऱ्यात टाकावी, पाण्याने मोरीत ढकलू नये. मग कोमट पाण्याने विसळावे. फार गरम पाणी सुरुवातीलाच वापरले तर प्रथिने आणि पिष्ट पत्र्यावर शिजून चिकटतात. त्यानंतर क्षारीय डिटर्जंटने ब्रशने घासावे, आणि हाच सगळ्या कामाचा गाभा आहे, त्यात घाई करू नये. स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण काढावा, कारण उरलेला साबण आणि मळ दोन्ही क्लोरीनला निकामी करतात.

आता तपासावे. विजेरी तिरपी धरून पाहावे आणि पत्र्यावर पाणी ओतावे. पाणी सलग पडद्यासारखे वाहिले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे, थेंब थेंब होऊन थबकले तर तेलकटपणा शिल्लक आहे आणि पुन्हा घासले पाहिजे. यात उत्तीर्ण झाल्यावरच २०० पीपीएमचे द्रावण लावावे आणि निदान एक मिनिट, शक्यतो दोन मिनिटे ओले राहू द्यावे. या ताकदीच्या द्रावणानंतर पुन्हा पाणी मारायचे नसते, पण द्रावण पूर्ण निथळले पाहिजे. ‘जास्त औषध म्हणजे जास्त सुरक्षित’ हा समज इथे महागात पडतो. ताकद वाढवली किंवा रात्रभर भिजत ठेवले तर स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात, त्या खड्ड्यांत जंतू राहतात आणि ॲल्युमिनियमची भांडी तर काळी पडून झिजतात. सुरीसारखी लहान हत्यारे ७७ अंश सेल्सिअस किंवा अधिक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवूनही जंतुमुक्त होतात. जड पाण्यामुळे पांढरा थर बसत असेल तर आठवड्यातून एकदा खाद्य दर्जाच्या आम्लाने तो काढावा, मात्र त्या दिवशी आम्ल पूर्ण धुऊन गेल्याशिवाय हायपो जवळ आणू नये.

शेवटी भाग हवेवर, जाळीवर वाळू द्यावेत. याच क्षणी कोणीतरी सवयीने खांद्यावरच्या फडक्याने पाते पुसते आणि अर्ध्या तासाचे काम एका हातासरशी बिघडते. फडके कापण्याच्या खोलीत असूच नये. काथ्या आणि तारेच्या घासणीऐवजी रंगीत दांड्याचे नायलॉन ब्रश वापरावेत, यंत्रांसाठी एक रंग, फरशीसाठी दुसरा आणि मोरीसाठी तिसरा. काम झाल्यावर ब्रशही धुऊन, २०० पीपीएममध्ये बुडवून टांगावेत. चिरा पडलेला लाकडी ठोकळा काढून पांढऱ्या प्लॅस्टिकचा पाट घ्यावा आणि त्यावर सुरीच्या खोल रेघा दिसू लागल्या की तोही बदलावा. मोरी यंत्रांच्या आधी साफ करावी आणि तिच्यात पाइपाचा जोरदार फवारा कधीही मारू नये, कारण त्या तुषारांबरोबर मोरीतील जंतू वर धुतलेल्या पात्यांवर जाऊन बसतात.

नोंदवही

नोंदवहीत तारीख, वेळ, भाजी, पट्टीवरील पीपीएम, सामू, पाणी बदलल्याची वेळ आणि सही एवढे रकाने पुरतात. आकडा पाहूनच लिहावा. संध्याकाळी बसून सगळे रकाने १०० ने भरलेली वही तपासनिसाला दाखवता येते, पण दोन आठवड्यांनी एखाद्या हॉटेलकडून तक्रार आली तर तिच्यातून काहीच उलगडत नाही. महिन्यातून एकदा यंत्राच्या एका अवघड जागेचा स्वॅब, म्हणजे निर्जंतुक बोळ्याने पुसून घेतलेला नमुना, प्रयोगशाळेत द्यावा, आणि जागा दर वेळी वेगळी निवडावी.

सकाळी काम सुरू करताना यंत्र जोडणाऱ्याचे हात साबणाने कोपरापर्यंत धुतलेले असावेत. रात्रभरात पाल किंवा झुरळ फिरून गेले असण्याची शक्यता गृहीत धरून जोडलेल्या यंत्रावर पुन्हा एकदा २०० पीपीएमचे द्रावण लावावे, ते निथळू द्यावे आणि पहिली मूठभर भाजी चालवून ती बाजूला टाकून द्यावी. भाजी धुण्याचा टब मात्र १०० पीपीएमनेच भरावा आणि पट्टीचा पहिला आकडा वहीत लिहून मगच त्यात पहिला क्रेट रिकामा करावा.